हळदीच्या शेडातला हौद

माझ्या थोरल्या भावाच्या हळदीच्या शेडात गरम पाण्याचा टब बसला, त्याला आता तीन वर्षं होतील. चार माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसतील एवढा मोठा, फिकट निळ्या रंगाचा, आतून बसायला पायऱ्या काढलेला, आणि भिंतींत आठ जेट. पंप चालू केला की या आठ तोट्यांतून गरम पाण्याचे झोत निघतात आणि अंगावर आदळतात. शहरातल्या हॉटेलांत लोक हौसेनं त्यात बसतात. आमच्याकडे तो दोन गुडघ्यांसाठी आला.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानं तो जुन्या सामानाच्या दुकानातून घेऊन पाठवला. टेम्पो कनेरगाव नाक्यापर्यंत आला, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टब उलटा घालून शेतात नेला. नाक्यावरच्या ढाब्यावर चहा पीत बसलेल्यांनी विचारलं की मासे पाळणार का. गावानं त्याचं नाव हौद ठेवलं, आणि पंधरा दिवसांत आम्हीही हौदच म्हणायला लागलो.

तो बसवायचं काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. हिंगोलीत माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. तीस वर्षं मी लोकांच्या शेतांत नळ्या पसरल्या आणि त्या बुजल्या की साफ करून दिल्या. खरं सांगायचं तर बुजलेली नळी दिसली की मला बरं वाटतं. चालू नळीपाशी मला कोण बोलावतो? टबबरोबर इंग्रजीत छापलेलं एक पत्रक आलं होतं. ते मी न वाचता दुकानातल्या खणात टाकलं. इतकी वर्षं नळ्या धुतलेल्या माणसानं आठ तोट्या कशा धुवायच्या हे कागदावरून शिकायचं, हे माझ्या मनाला पटलं नाही.

भावाचे गुडघे गेले होते. थंडीच्या दिवसांत वर्षानुवर्षं हळदीच्या पाण्यात उभं राहून ते गेले असं तो म्हणायचा. डॉक्टर म्हणायचे वयानं गेले. नांदेडला ऑपरेशन सुचवलं होतं, ते त्यानं धुडकावलं. खुर्चीवर बसायला त्याला अडचण नव्हती, चालायचाही काठी टेकत. जमिनीवर मात्र बसता येत नव्हतं, आणि त्या वर्षी त्याला जमिनीवर बसायचं होतं. वैशाखात त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि कन्यादान पाटावर मांडी घालून करायचं असा त्याचा हट्ट होता.

खुर्चीवर बसून करा, हल्ली सगळे तसंच करतात, असं भटजींनीसुद्धा सुचवून पाहिलं. भावानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खुर्चीवर बसून सही करतेत. दान न्हाई करत." त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही, वहिनींचं तर नाहीच.

मग भावकीनं आपसांत ठरवून टाकलं की थोरल्याला बसता आलं नाही तर धाकटा आणि त्याची बायको बसतील. धाकटा म्हणजे मी. यात कोणाला काही गैर वाटलं नाही, कारण ही पुतणी पाचवीपासून बारावीपर्यंत हिंगोलीत आमच्याच घरी राहून शिकली. तिच्या सायकलची चेन मी बसवली, तिच्या दहावीच्या परीक्षेला केंद्राबाहेर पिंपळाखाली मी उभा राहिलो. आम्हाला दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. माझी बायको या विषयावर एक शब्द बोलली नाही, पण एक दिवस तिनं तिचा जुना शालू कपाटातून काढून धुवायला दिलेला मी पाहिला.

मला बसायचं होतं. हे मी इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला उगाच चांगलं समजणार नाही.

टब दिवाळीनंतर सुरू झाला. पाणी बोअरचं, वीज शेतातली, ती असेल तेव्हा. रोज सकाळी वहिनी लोखंडी कढईत तिळाचं तेल तापवायच्या, त्यात ओवा, लसूण आणि चमचाभर हळद. त्या तेलानं त्या भावाचे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत अर्धा तास रगडायच्या. मग भाऊ कठड्याला धरून हौदात उतरायचा, गुडघे तोटीसमोर धरायचा आणि डोळे मिटायचा. आधी तेल, मग गरम पाणी. आमच्याकडे आंघोळीचा हाच क्रम आहे. लहानपणी आम्हाला आईनं असंच न्हाऊ घातलं आणि आम्ही आमच्या लेकरांना. मीही कितीतरी सकाळी तिथं उभा राहून चहा प्यायलो आणि ते तेल पाण्यात उतरताना पाहिलं. माझ्या मनात काही आलं नाही.

गुडघा किती वाकतो हे मोजायची भावानं स्वतःची रीत काढली होती. शेडाच्या दारात विटांच्या दोन थप्प्या लावल्या, प्रत्येकी सहा विटांच्या, वर पोतं घातलं. हौदातून निघाला, अंग पुसलं की तो त्यावर बसायचा. सहावर सहज बसता आलं की एक वीट कमी. पाचवर बसता आलं की आणखी एक. शेवटी विटा संपल्या की पाट. पौषात तो पाचवर आला, संक्रांतीनंतर चारवर, माघ अर्धा होईस्तोवर तीनवर. पुतण्या रोज संध्याकाळी फोन करायचा आणि विचारायचा, किती विटा? बाकी तब्येतीची चौकशी आमच्या घरात तेव्हा होत नव्हती.

तीनवर गाडी अडली. पंधरा दिवस झाले, वीस झाले. भाऊ म्हणाला, हौद थकला. मी हात घालून पाहिलं तर झोत कोमट फुंकरीएवढाच येत होता. आठांपैकी दोन तोट्यांतून नुसतं पाणी ओघळत होतं. तोटीच्या बाहेरची कडी फिरवून झोत कमीजास्त करता येतो, तर त्या कड्याही घट्ट बसल्या होत्या. पकड लावून एक फिरवली, ती डावीकडे सरकली आणि तोटी हातात आली. आतून सगळी पिवळ्या लगद्यानं भरलेली होती.

पिवळ्या रंगाचं कोणाला नवल वाटलं नाही. त्या शेडात सगळंच पिवळं आहे. तिथं वर्षानुवर्षं हळद वाळली, पॉलिश झाली, पोत्यांत भरली. भिंती पिवळ्या, पत्रे पिवळे, कोळ्यांची जाळीसुद्धा पिवळी. धूळ पाण्यात बसली असणार आणि बोअरच्या क्षारानं ती तोटीत धरून ठेवली असणार, असं मी जाहीर केलं. क्षार हे माझं जुनं गिऱ्हाईक. त्याचं नाव घेतलं की शेतकरी मान डोलावतो आणि पुढचं विचारत नाही.

ठिबकच्या नळ्या क्षारानं बुजल्या की आम्ही त्यात बेतानं ॲसिड सोडतो, एक दिवस तसंच ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी टोकाची बुचं उघडून भरपूर पाण्यानं धुऊन काढतो. नळी नव्यासारखी होते. मी हौदाला तेच केलं. भावाला दोन दिवस लांब ठेवलं, ॲसिड पाण्यात सोडलं, पंप फिरवून ते सगळ्या तोट्यांपर्यंत नेलं आणि बंद करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी तीनदा पाणी भरलं, तीनदा काढलं. लगदा होता तिथंच होता. तोट्यांच्या आतल्या रबरी कड्या मात्र फुगल्या, आणि ज्या तोट्या गरगर फिरतात त्यांच्यातले बारीक छर्रे गंजून बसले. पाच दिवसांनी आठांपैकी तीन तोट्या कायमच्या गेल्या आणि बाकीच्या पाच तशाच बुजलेल्या राहिल्या.

भावाला मी सांगितलं की माल जुना होता. त्यानं ते मानलं. माझ्या कामावर त्यानं कधी शंका घेतली नाही, तेव्हाही नाही.

दोन दिवसांनी आम्ही दोघं शेडाच्या दारात बसलो होतो, तो तीन विटांवर आणि मी जमिनीवर मांडी घालून. बाजूच्या शेतात हळद शिजवायचा कुकर चालू होता आणि वाफेचा वास येत होता. तो बराच वेळ माझ्या मांडीकडे पाहत होता. मग म्हणाला, "तू कपडे शिवून घे. धोतर मी देतो, माझं कोरं हाय. आता काय माझ्यानं व्हत न्हाई."

मला आनंद झाला. एका क्षणापुरता, पण स्वच्छ आनंद. तो ओसरल्यावर जे वाटलं ते सांगायला मला अजून जड जातं. ॲसिड मी चुकून घातलं होतं, यात शंका नाही. पण पत्रक वाचलं असतं तर घातलं नसतं, आणि न वाचण्याची माझी घाई कशाची होती हे मी स्वतःला तोवर विचारलं नव्हतं. त्याला मी म्हणालो, अजून दीड महिना आहे, बघू. आणि मोटारसायकल काढून थेट दुकानात आलो.

पत्रक खणात होतं. माझं इंग्रजी औषधांच्या बाटल्या वाचण्यापुरतं आहे, पण देखभालीच्या पानावर दुसऱ्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की अंगाला तेल लावून पाण्यात उतरू नये, तेल तोट्यांत जमा होतं. चौथ्या ओळीत ॲसिड वापरू नका असं होतं. शेडातून निघताना पिशवीत टाकलेली एक मेलेली तोटी मी बाहेर काढली. त्यातला लगदा नखानं खरवडून बोटांत चोळला आणि नाकाजवळ नेला. ओव्याचा वास आला, मागोमाग लसणाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. मेलेल्या तिन्ही तोट्यांची भोकं रबरी बुचं आणि ठिबकच्या टोकाच्या टोप्या बसवून बंद केली. हे पत्रकात कुठं नव्हतं, हे माझं. आठ तोंडांचं पाणी पाच तोंडांत गेलं की जोर वाढणारच. उरलेल्यांतल्या दोन चांगल्या तोट्या भाऊ बसतो तिथं, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर आणल्या. मग पाचही तोट्या भांड्याच्या साबणाच्या कढत पाण्यात भिजत घातल्या, दातांच्या जुन्या ब्रशनं घासल्या, मधल्या भोकातून दात कोरायची काडी फिरवली. तेल निघाल्यावर खाली खरंच थोडा क्षार होता, पांढरा. तो किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात तासाभरात सुटला. धुऊन पुसून तोट्या परत बसवल्या, कट असा आवाज येईपर्यंत फिरवल्या. पंप चालू केला तर पाणी हौदाच्या पलीकडच्या कडेला जाऊन आदळलं.

चौथ्या दिवशी झोत पुन्हा मंदावला, कारण तेल रोज उतरत होतंच.

वहिनींना सांगायला हवं होतं. सांगायचं एवढंच होतं की तेल हौदाच्या आधी नको, नंतर लावा. वाक्य सोपं आहे. मी ते मोटारसायकलवर हिंगोलीपासून शेतापर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणत जायचो आणि शेडात पोचल्यावर गिळायचो. त्या तेलावर त्यांची भिस्त होती. हौद मुलानं पाठवला, विटा नवऱ्यानं लावल्या, दुरुस्ती दिरानं केली. या सगळ्यात त्यांचं स्वतःचं काय, तर ती कढई. शिवाय तुमच्या तेलानं बिघडलं म्हटलं की माझ्या ॲसिडचं बोलणं आलंच. तिसरं कारणही होतं, ते मी तेव्हा स्वतःपाशीही मोठ्यानं बोललो नाही. न सांगता तोट्या साफ करत राहिलो तर मी चांगला दीर ठरत होतो, आणि विटा तीनच्या दोन झाल्या नाहीत तर तो माझा दोष ठरत नव्हता.

तेव्हा मी दर तिसऱ्या दिवशी जायला लागलो. दुकान उघडायच्या आधी निघायचो, भावाचा हौद उरकला की तोट्या काढायचो, बादली घेऊन शेडाच्या मागच्या ओट्यावर बसायचो. कोणी विचारलं तर क्षार. भाऊ दोन विटांवर आला. मग दर दुसऱ्या दिवशी जायला लागलो. बायको म्हणाली की नोकरी धरली का तिकडं. मी म्हणालो, बोअरचं पाणी लईच खराब आहे.

चैत्र संपत आला होता, ऊन सकाळी आठलाच चटकायचं, आणि माझा भाऊ तसल्या उन्हाळ्यात गरम पाण्यात बसून घाम पुसत होता. त्या दिवशी मी ओट्यावर ब्रश चालवत असताना वहिनी मागून आल्या. त्यांच्या हातात रिकामी कढई होती. माझ्या बादलीत त्यांनी बोट बुडवलं, वर काढलं, अंगठ्यावर चोळलं.

"क्षार पांढरा असतो, भावजी," त्या म्हणाल्या. "आन् शेडातली हळद कोरडी असती. हे तेलकट हाय."

मी हातातली तोटी घासत राहिलो, ती साफ झाली होती तरी.

"माझं तेल हाय नं?"

"व्हय," मी म्हणालो. आणि सुरुवात झालीच होती म्हणून ॲसिडचंही सांगितलं. पत्रक खणात टाकल्याचं सांगितलं. तीन तोट्या जुन्या मालामुळे गेल्या नाहीत, माझ्यामुळे गेल्या, हेही सांगितलं. बोलताना मी माझ्या त्या बादलीकडेच पाहत होतो.

वहिनी ओट्याच्या कडेला बसल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. चाळीस वर्षं त्यांना ओळखतो. त्या रागावल्या की भांडी आपटतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. त्यांनी कढई शांतपणे बाजूला ठेवली.

"मला काहून न्हाई सांगितलं? महिना झाला तुमी येऊन राहिले."

मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटलं असतं. त्या म्हणाल्या की वाईट वाटून त्या काय मेल्या असत्या का. मग त्यांनी जे विचारलं ते मला वर्षभर कोणीतरी विचारावं असं वाटत होतं आणि कोणी विचारू नये असंही वाटत होतं.

"तुमाला बसायचं हाय का कन्यादानाला?"

"व्हय," मी म्हणालो. "पर त्याच्यापायी तोट्या न्हाई बुजवल्या मी."

"ते मला ठाव हाय," वहिनी म्हणाल्या. "बुजवणारी मीच व्हते."

त्या उठल्या, कढई उचलली आणि घराकडे गेल्या. दुसऱ्या दिवसापासून तेल हौदानंतर लागलं. भावाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो एवढंच म्हणाला की हिनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उलटं केलं. मला आता आठवड्यातून एकदाच जावं लागे, आणि तोट्यांत निघायचा तो खराखुरा क्षार, पांढरा, थोडासा. त्या फेऱ्या कमी झाल्या तेव्हा मला रिकामं रिकामं वाटलं. आठवड्यातून चारदा सकाळी भावाच्या शेडात जायची मला सवय लागली होती, आणि त्या लग्नात तेवढा तरी माझा वाटा आहे असं वाटू लागलं होतं.

अक्षय तृतीयेच्या आसपास भाऊ एका विटेवर आला. लग्नाला बारा दिवस होते. शेवटची वीट काही निघाली नाही. त्यानं दोनदा काढून पाहिली, दोन्ही वेळा त्याला धरून उठवावं लागलं आणि दुसऱ्यांदा तो कळवळला. तेव्हा वहिनींनी सुताराकडून पाटाला विटेएवढे उंच पाय लावून घेतले आणि विषय संपवला. पाट तो पाटच, खुर्ची नव्हे, असं भटजींनी सांगितलं. भावानं त्या पाटाकडे संशयानं पाहिलं, बसून पाहिलं आणि मांडी घातली. माझ्यासाठी काढलेलं कोरं धोतर त्यानं स्वतःच नेसायचं ठरवलं. माझ्या बायकोनं शालू नेसला, नवरीची काकू म्हणून.

मला वाईट वाटलं का? वाटलं. आणि तो बसणार म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटायला काही हरकत नसते हे मला त्या आठवड्यात कळलं. लग्नाच्या कामात असलं काही धरून बसायला वेळही नसतो. मंडपाच्या पाण्याची सोय माझ्याकडे होती. मी सकाळपासून टाक्या आणि नळ पाहत फिरत होतो.

कन्यादानाच्या वेळी आई झारीनं पाण्याची धार सोडते, ती बापाच्या हातावरून नवरदेवाच्या ओंजळीत पडते. आमच्या घरात त्यासाठी आमच्या आईची तांब्याची झारी आहे. माझ्या बहिणींच्या लग्नांत तीच होती. एरवी ती ट्रंकेत असते. मुहूर्ताला तासभर राहिला असताना वहिनी मंडपामागे, मी पाण्याची टाकी भरत होतो तिथं आल्या. डोईवर पदर, हातात ती झारी.

"भावजी, हिची तोटी बुजलीय वाटते," त्या म्हणाल्या. "धार आली पायजे. तेवढी तुमच्या हातानं साफ करून द्या."

एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत. आत बायका हाक मारत होत्या.

झारी चिंचेनं लख्ख घासलेली होती, आतून आणि बाहेरून. मी तोटी डोळ्याला लावली तर पलीकडचं आभाळ दिसलं. पाणी भरून तिरकी केली, तर बारीक, न तुटणारी धार थेट मातीत पडली. तोटीत काहीच नव्हतं. एवढी स्वच्छ तोटी मी माझ्या उभ्या धंद्यात पाहिली नाही.

मी टाकीमागे खाली बसलो, मांडी घालून. मंडपाच्या कडेला कडुनिंब होता, त्याची एक काडी घेतली, नखानं सोलून बारीक केली. ती तोटीतून हळूहळू फिरवली, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. पाणी भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. पाच-सात मिनिटं मी ते काम केलं. मग रुमालानं झारी पुसून आत नेऊन दिली, आणि वहिनींनी ती घेताना धार येते का हे विचारलं नाही.